काळीची रीत पांढरीला



एरवी इथं कांद्याचं रोप, पाण्याची पाळी, फवारणीचं प्रमाण असलं काहीतरी लिहितो. आज घर रंगवण्याचं लिहितोय. विषय बदलला असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. भिंत आणि रान यात फार अंतर नाही, हे यंदा चांगलंच पटलं.

आपल्याकडं जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाणी कुठं साचतं, कुठल्या कोपऱ्यात खार वर येतो, वाफसा कधी येतो, हे पायाला कळतं. पांढरीत आलो की मात्र आपण हीच अक्कल उंबऱ्याबाहेर ठेवतो. दसरा तोंडावर आला की दुकानातून डबा आणायचा आणि भिंतीला फासायचा. दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. मग पुन्हा डबा.

यंदा आम्ही घरच्या माणसांनीच रंगकाम केलं आणि ते काळीच्या रीतीनं केलं. हाती काय लागलं ते मापासकट देतो.

आमचं घर नागापुरात. नगर-मनमाड रस्त्याला, एमआयडीसीला खेटून. एका अंगाला कारखान्यांची शेडं, दुसऱ्या अंगाला सीना नदी आणि मधे आमच्यासारख्यांची उरलेली रानं. घराच्या पुढच्या दोन खोल्या विटांच्या, वर स्लॅब. मागची खोली आजोबांच्या वेळची, दगड-मातीची, भिंत दोन फूट जाडीची. त्या खोलीत आई राहते. लग्न होऊन आली ती त्याच खोलीत, आणि आता पंख्याखाली पुढं झोप म्हटलं तरी ऐकत नाही.

धाकटीचा साखरपुडा ठरला होता, मार्गशीर्षात. कार्यालयाचा खर्च यंदा झेपणारा नव्हता, कांद्यानं हात दिला नव्हता. पोरगीच म्हणाली, "पप्पा, घरी करू. दारात मांडव घालू." पण घर पाहुण्यांना दाखवण्यासारखं नव्हतं. पुढच्या खोल्यांचं ठीक होतं. मागच्या खोलीची भिंत खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंत ओलसर, पोपडे सुटलेले, आणि त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड. आईला दमा आहे. पावसाळ्यात त्या खोलीत तिचा खोकला रात्रभर चालतो.

रंगाऱ्याला बोलावून दाखवलं. माणूस अनुभवी. भिंतीला हात लावून म्हणाला, "हिच्यावर कुठलाच रंग टिकायचा नाही. पीव्हीसी पॅनल मारून घ्या. भिंत दिसणारच नाही, पाहुणे खूश." त्यानं सगळ्या घराचा आकडा सांगितला. कारभारीण हळूच म्हणाली, "एवढ्यात एका एकराचं रोप, खत, लागवड समदं निघतं."

थोरला एमआयडीसीत कामाला जातो. त्याचं म्हणणं वेगळं. "मागची खोली पाडून टाकू. आज ना उद्या पाडायचीच आहे. पत्र्याची एक टाकू." त्याचंही चूक नव्हतं. आजूबाजूला सगळी जुनी घरं पाडून स्लॅब पडलेत.

आई ओट्यावर बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "गळू झाकलं म्हंजे बरं व्हतं का रं? आत पिकतंच की."

त्या वाक्यावर आमचं ठरलं. झाकायचं नाही, पाडायचं नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. हे बोलणं झालं ते चैत्रात, म्हणजे हाताशी आख्खा उन्हाळा होता.

लोणा म्हणजे भिंतीचं चोपण

भिंतीवरची ती पांढरी पूड म्हणजे लोणा. बुरशी समजून लोक त्यावर औषध मारतात. बोटाला लावून पाहिली तर कुरकुरीत लागते आणि पाण्यात विरघळते. बुरशी काळी-हिरवी असते, चिकट असते आणि कुबट वास मारते. लोणा म्हणजे क्षार.

तो कसा येतो हे आपल्याला वेगळं शिकायला नको. उसाला पाणी देऊन देऊन रान चोपण होतं तेव्हा काय होतं? खाली पाणी साचतं, केशाकर्षणानं ते वर चढतं, वर येऊन त्याची वाफ होते आणि क्षार मागं राहतात. भिंतीत हेच उभ्यानं घडतं. जमिनीतलं पाणी भिंतीतल्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, सोबत क्षार आणतं, पृष्ठभागावर येऊन सुकतं. क्षाराचे खडे बनताना फुगतात आणि वरचा गिलावा ढकलून पाडतात. म्हणून पोपडे सुटतात. रंग वाईट होता म्हणून नव्हे.

चोपण रानावर आपण वरून चुनखडी टाकून पांढरं दिसायला लागलं म्हणून समाधान मानत नाही. चर काढतो, निचरा करतो. भिंतीलाही पहिलं काम निचऱ्याचंच.

ओल नक्की कुठली हे बघायला एक सोपी चाचणी आहे. मल्चिंग पेपरचा किंवा साध्या प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचा. एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरले तर खोलीतल्या हवेची दमट आहे, खिडकी उघडी ठेवून भागतं. आमच्याकडं थेंब भिंतीकडून होते.

मग बाहेरून फिरून बघितलं. मागच्या बाजूला बोळ आहे. तो रस्ता इतक्या वर्षांत प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा थर टाकून उंचावत गेला. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात यायचो. आज बोळ जोत्याच्या वर गेलाय. म्हणजे बोळातलं पावसाचं पाणी थेट भिंतीला टेकतं. त्यात न्हाणीचं पाणी भिंतीलगत जिरत होतं. वर आणखी एक गोष्ट होती. आतून खालच्या चार फुटांना पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा दिलेला. दगड-मातीची भिंत श्वास घेते, आत आलेली ओल दोन्ही अंगांनी सुकवते. सिमेंटनं ते तोंड बंद झालं. पाणी आत कोंडलं आणि जिथं वाट मिळेल तिथं वर चढत राहिलं.

उन्हाळी नांगरट

चैत्र-वैशाखात आम्ही तीन कामं केली.

पहिलं, बाहेर चर. भिंतीपासून हातभर लांब, दीड फूट रुंद. खोली इतकीच की जुन्या भिंतीचा पाया उघडा पडू नये. हे महत्त्वाचं आहे. जुन्या घराच्या पायालगत खोल खणलं तर भिंत बसते. चराला शंभर फुटाला एक फूट उतार दिला, तळाशी मोठी खडी, वर बारीक खडी. पाणी परसातल्या केळीकडं काढून दिलं. न्हाणीच्या पाण्याला पाइप टाकून तेही तिकडंच.

दुसरं, आतला सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोड्यानं काढला. थोरल्यानं सुट्टीचे तीन दिवस यावर घालवले. "पाडायची म्हणत होतो, पाडतोयच की," असं म्हणत तो हसत होता.

तिसरं काम काहीच न करण्याचं. उन्हाळ्यात आपण नांगरट करून ढेकळं तापू देतो, तशी ती उघडी भिंत दोन महिने तापू दिली. दर आठ दिवसांनी लोणा वर यायचा, तो कोरड्या ब्रशनं झाडून सुपात धरायचा आणि बाहेर टाकायचा. पाण्यानं धुवायचं नाही. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

आई तेवढे दिवस पुढच्या खोलीत झोपली. रोज सकाळी मात्र येऊन भिंतीला हात लावून जायची.

जून-जुलैचा पाऊस हीच परीक्षा होती. पहिल्या मोठ्या पावसात चरातून केळीकडं पाणी वाहायला लागलं आणि थोरला छत्री घेऊन ते बघत उभा राहिला. भिंतीची ओल तीन-साडेतीन फुटांवरून वीतभरावर आली. पूर्ण गेली असं म्हणणार नाही. जुन्या भिंतीत जोत्याला ओलरोधक थर नसतो, थोडी ओल राहणारच.

श्रावण सरल्यावर उघड्या भागाला मातीचा गिलावा दिला. पांढरी माती, गव्हाचं भुसकट आणि थोडं शेण, आठ दिवस भिजत घातलेलं, रोज तुडवलेलं. हा गिलावा आईच्या हातचा. आम्ही फक्त माती कालवली.

भिंतीचा वाफसा

आता रंग. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे पैसे इथंच जातात.

ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट यांना भिंत पूर्ण कोरडी लागते. चुन्याला उलट, भिंत किंचित ओली लागते. अगदी वाफसा म्हणा. मुठीत माती धरली तर गोळा होतो पण पाणी निघत नाही, तशी. कोरड्या तापलेल्या भिंतीवर चुना मारला तर भिंत त्यातलं पाणी ओढून घेते आणि हात लावला की पूड निघते.

कारण चुना नुसता वाळत नाही, तो पिकतो. कळीचा चुना पाण्यात विझवला की त्याचा हायड्रॉक्साइड होतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट बनतो, म्हणजे पुन्हा चुनखडीचा दगड. ही क्रिया व्हायला ओल लागते आणि दिवस लागतात. नगरातला सोळाव्या शतकातला फराहबाग बघितलाय ना? निजामशाही काळातल्या त्या महालाचं चुन्याचं काम अजून जागोजाग दिसतं. तो चुना असाच पिकलेला.

शिवाय ताज्या चुन्याचा सामू साडेबाराच्या जवळ असतो. आपल्या काळ्या रानाचा आठ-साडेआठ असला तरी आपण कुरकुरतो, इथं तर बुरशीला जागाच उरत नाही. दम्याच्या माणसाच्या खोलीला हा मोठा फायदा. चुन्याला तीव्र वास नाही आणि भिंतीचा श्वासही बंद होत नाही.

चुना आपल्याला नवा नाही. एक टक्का बोर्डो मिश्रण करताना एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे आपल्याला पाठ आहे. झाडाच्या खोडाला लावायची दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट म्हणजे तेच दहा लिटर पाण्यात. त्या मिश्रणाची गोष्टही मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्या वेलींवर केवडा नाही. त्यानं १८८५ मध्ये ते जाहीर केलं. चुना गाळून न घेता पंपात टाकला की नोझल कसा तुंबतो ते आपण सगळ्यांनी भोगलंय. भिंतीलाही गाळलेलाच चुना लागतो.

आमचं प्रमाण असं होतं:

कळीचा चुना १० किलो.
पाणी सगळं मिळून साधारण ५० लिटर.
डिंक २०० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून.
नीळ ३० ग्रॅमपर्यंत, त्याहून जास्त नको.

लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुन्याचे खडे थोडे थोडे सोडायचे. चुन्यावर एकदम पाणी ओतायचं नाही. विझताना तो उकळतो आणि उडतो, प्लास्टिकचं पिंप वितळू शकतं. विझवल्यावर एक दिवस-रात्र मुरू द्यायचा, मग जाड कापडातून गाळायचा. डिंक आणि नीळ शेवटी.

बरेच जण चुन्यात मीठही टाकतात, दहा किलोला सव्वा-दीड किलो. त्यानं चुना चिकटून राहतो हे खरं. पण भिंतीला आधीच लोणा असेल तर मीठ टाकू नका. खारवट रानाला खारं पाणी दिल्यासारखं होईल. आमच्या भिंतीला आम्ही फक्त डिंक वापरला.

हात पातळ मारायचे. पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा उभा. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, काहीच लागलं नाही असं वाटतं. घाबरून जाड थर देऊ नका. दुसऱ्या दिवशी पांढरा होतो. जाड थर तडकून पडतो. कुंची घायपाताच्या वाखाची असेल तर उत्तम, रोलर इथं उपयोगाचा नाही.

आणि डोळे सांभाळा. हे ठळक वाचा. डोळ्यात चुना गेला तर दृष्टी जाऊ शकते. फवारणीचा चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. लेकरांना पिंपाच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. गेलाच तर चोळायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ वाहतं पाणी आणि तडक दवाखाना.

रंगीत चुना हवा असेल तर मातीचे रंग घ्या. गेरू, पिवडी. चुना तिखट असतो, त्यात बाकीचे पुष्कळ रंग उडून जातात. आईच्या खोलीला आम्ही वर पांढरा आणि खाली दोन फूट गेरूचा पट्टा दिला. खालचा भागच खराब होतो, दरवर्षी तेवढाच पट्टा काढला की भागतं.

जुने दरवाजे

पुढच्या खोल्यांचे दरवाजे-खिडक्या जुन्या ऑइल पेंटचे. त्यावर किती थर होते देव जाणे. पॉलिश पेपर घेऊन थोरला घासायला बसणार होता, पण त्याचा दीड वर्षाचा मुलगा घरभर रांगतो, म्हणून आधी थांबवलं.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते. लहान लेकरं जमिनीवरून हात तोंडात घालतात. शिसं त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

म्हणून पाणी मारून ओलंच घासायचं. रंग जाळून काढायचा नाही. खाली ताडपत्री, तोंडाला चांगला मास्क, आणि काम संपेपर्यंत लेकरू आजीकडं दुसऱ्या घरात. निघालेला चिखल आणि पोपडे पिशवीत भरून वेगळे टाकायचे. उकिरड्यात अजिबात नाही, कारण उकिरडा शेवटी आपल्याच रानात जातो. जिथं रंग घट्ट धरून आहे तिथं खरवडूच नका, हलका ओला पॉलिश पेपर फिरवून वरून नवा हात द्या. नवा डबा घेताना शिशाबद्दलचा मजकूर डब्यावर वाचून घ्या. पोळ्याला बैलांच्या शिंगांना उरलासुरला जुना ऑइल पेंट लावतो, तिथंही हाच विचार करा. बैल एकमेकांना चाटतात.

मापात रंग

पुढच्या खोल्यांना डिस्टेंपर दिला. किती लागेल हे दुकानात विचारलं तर नेहमी एक डबा जास्तच सांगतात. आपण फवारणीचं पाणी जसं काढतो तसं काढा. आमची खोली १२ बाय १०, उंची १० फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ४० वजा केले, राहिले ४००, म्हणजे चार ब्रास. आधी एक ब्रासला पूर्ण हात मारून किती रंग गेला ते मोजलं आणि त्यावरून बाकीचा आणला. डब्यावर लिहिलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. आपल्या भिंती जास्त पितात.

क्रम वरून खाली. आधी छत, मग भिंती, मग दारं, शेवटी फरशी पुसणं. जिथं आधी चुना आहे तिथं डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट द्यायचा असेल तर चुना पूर्ण खरवडा, नाहीतर नवा रंग चुन्याच्या पुडीसकट सुटतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा होत्या. घर काळ्या रानावर असलं की अशा भेगा येतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, रानात भेगा पडतात तशी भिंतही हलते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहून ठेवा. वर्षभरात खुणेच्या पुढं सरकली नाही तर लांबी भरून रंगवा. सरकत राहिली, रुंदी वाढली, तर रंगाऱ्याऐवजी इंजिनिअरला बोलवा.

बाजारात शेणापासून बनवलेला रंगही आलाय. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा प्राकृतिक पेंट, जानेवारी २०२१ मध्ये आला, डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत. आम्ही वापरला नाही म्हणून टिकाऊपणावर बोलत नाही. गोठा आहे, शेण आहे, अशा बचत गटांनी याची माहिती घ्यायला हरकत नाही.

ओट्याची भिंत

सजावट धाकटीनं केली. तिला ओट्याच्या भिंतीवर वारली काढायची होती. वारली डहाणू-पालघरकडची. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मूळ रीत गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची. पोरीनं विचार केला की त्यांचा लग्नचौक पूजेचा असतो, तो नुसता शोभेला उतरवायला नको. मग तिनं त्या धाटणीत आपल्याकडचं काढलं. मोट, कांदा निवडणाऱ्या बाया, चाळ, सीनेच्या कडेची बाभळ. आणि एका कोपऱ्यात काठी टेकलेली आजी. ओट्यावर झड येते म्हणून पिठाऐवजी डिंकातला चुना वापरला.

माळ्यावर बैलांचं जुनं जू पडलं होतं. बैल जाऊन बरीच वर्षं झाली. ते घासून, अळशीचं तेल पाजून ओट्यावर आडवं टांगलं आणि त्याला दोन दिवे सोडले. तेलाच्या चिंध्या मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

साखरपुडा झाला. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाई मागच्या खोलीत जाऊन बसल्या, भिंतीला हात लावून म्हणाल्या, "चुना हाय व्हय? गार वाटतंय." आई आणि त्या दुपारभर तिथंच बोलत बसल्या. निघताना व्याही थोरल्याला म्हणाले, "आमच्याकडंबी मागची खोली अशीच हाय, एकदा येऊन बघा." पाडायला निघालेला गडी आता दुसऱ्याच्या घरी चर काढायला जाणार आहे.

खर्चाचं म्हणाल तर रंगाऱ्याच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं. पण घरच्यांचे दिवस धरले तर फार स्वस्त पडलं असं नाही. आईचा दमा गेला असंही नाही. दमा औषधानंच आटोक्यात राहतो, तिचा पंप सुरूच आहे. यंदाच्या थंडीत त्या खोलीत कुबट वास नाही आणि ती तिथं झोपते, एवढं सांगू शकतो. वीतभर लोणा खाली पुन्हा दिसतोय, तो झाडून घेतोय.

रानाला जसं एकदा खत टाकून भागत नाही, तसं घरालाही. म्हणून भिंतीवर कॅलेंडरशेजारी हे लिहून ठेवलंय. होळी झाली की स्लॅबवर आणि गोठ्याच्या सिमेंट पत्र्यांवर चुन्याचा पांढरा हात, उन्हाळ्यात आत गारवा राहतो. लोखंडी गॅल्व्हनाइज पत्र्याला चुना नको, तो जस्त खातो. मृगाच्या आधी चर आणि पन्हळी साफ. पोळ्याला भेगांच्या खुणा बघणं. घट बसायच्या आधी गेरूचा पट्टा.

सगळ्यात शेवटी डबा.